कुलपासकट गेलेला लॅपटॉप

जागेवरून उठायच्या आधी आत्या लॅपटॉपची तार ओढून बघायची. आधी हलकेच, मग जोरात. डोळ्यांच्या दवाखान्यात ती काउंटर सांभाळायची. लॅपटॉपला अडकवलेली ती जाड पोलादी तार टेबलाच्या पायाला गुंडाळलेली असे, आणि तिच्या कुलपाची किल्ली आत्याच्या गळ्यातल्या दोरीत.

"गाय बांधतेस की लॅपटॉप?" बाबा आपल्या थोरल्या बहिणीला चिडवायचे.

"गाय निदान हंबरते तरी. हा मुकाट्याने जाईल."

तसाच गेला. दवाखान्यात रंगकाम चाललं होतं, म्हणून काउंटरचं जड टेबल हलवून एक घडीचं टेबल मांडलं होतं. आत्याने सवयीने त्याच्याच पायाला तार गुंडाळली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. घट्ट होतं. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे धड काही न दिसणाऱ्या एका बाईंना ती हाताला धरून आत सोडायला गेली. परत आली तर टेबल होतं, त्यावर पेन होतं, लॅपटॉप नव्हता. तार नाही, कुलूपही नाही.

"लावलं असतं तर कुलूप तरी मागे राहिलं असतं ना?" डॉक्टरीणबाई आवाज न चढवता म्हणाल्या. "विसरला असाल. वय होतं माणसाचं."

आत्याने किल्ली पुढे केली. ती कोणी हातात घेतली नाही.

संध्याकाळी बाबा आणि मी तिच्यासोबत गेलो. बाबांनी टेबलाची कड एका हाताने उचलली. "तारेचा फास असा पायाखालून काढला, सगळं काखोटीला मारलं, की झालं. कुलूप उघडतंय कोण?"

"असेलही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी आत्या भांडली नाही, रडलीही नाही. जेवता जेवता मधेच विचारायची, "मी लावलं होतं ना रे?"

"लावलं होतंस, ताई." पण बाबांनी तरी कुठे पाहिलं होतं?

हळूहळू तिचा स्वतःच्या हातांवरचाच भरवसा उडाला. गॅस बंद केलाय का, हे ती मला बघायला पाठवू लागली.

पुढे काउंटरवर नवी मुलगी आली. आत्याला कोणी जा म्हटलं नाही. फक्त तिला बसायला जागा उरली नाही. मी न्यायला गेले, तेव्हा पर्स खांद्याला लावून ती त्या मुलीशी बोलत उभी होती.

"दुपारी इथे ऊन थेट तोंडावर येतं गं, खुर्ची जरा भिंतीकडे घेऊन बस."