दार वाजवणारा चोर

अक्काने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या आवरल्या. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात ती अजूनही तेच काम करते. चादरी बदलायच्या, उशांना अभ्रे चढवायचे, न्हाणीघर कोरडं करायचं, आरशावर कुणाच्या बोटाचा ठसा राहिला नाही ना हे तिरकं उभं राहून बघायचं. घरी मात्र तिला खोली नव्हती. धाकट्या भावाच्या घरात, हॉलमधल्या दिवाणावर ती झोपायची. टीव्ही बंद झाल्याशिवाय तिला झोप नाही, आणि टीव्ही कधी बंद करायचा हे भाऊ ठरवणार.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. घरात खोल्याच दोन. एक भावाची आणि भावजयीची, दुसरी त्यांच्या मुलीची. ही भाची व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढते. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि रस्त्याकडच्या खिडकीची तिची खोली रिकामी होणार, हे एका रविवारी जेवताना नक्की झालं.

"मग माझी आरामखुर्ची तिथे टाकतो," भाऊ म्हणाला. "रेडिओ, माझं हत्यारांचं कपाट, सगळं लागेल नीट."

अक्का त्याला अजून बाळ म्हणते. हा बाळ बस चालवून निवृत्त झालेला, टक्कल पडलेला, शिंकला तर शेजारचं कुत्रं भुंकतं असा.

"बाळ, खुर्चीला खोली लागते?" अक्काने विचारलं.

"मला लागते. रिटायर झालो मी."

"मी तर अजून कामाला जाते."

"म्हणजे दिवसभर तू नसतेसच घरात! खोली काय करायचीय तुला?"

भावजय ताटं गोळा करत म्हणाली, "कोणीही घ्या. हा घोरणारा माझ्या खोलीतून जाणार असेल तर मी याच्या बाजूने."

भाचीने हात पुसले. "भांडू नका. खेळून ठरवा."

तिच्या कंपनीचा नवा खेळ तिच्याकडे होता. तिने तो टीव्हीला जोडला आणि अट सांगितली. एकाने खेळायचं, पकडला गेला की रिमोट दुसऱ्याकडे. जो आधी हवेलीच्या गच्चीवर पोचेल, खोली त्याची.

"कबूल," बाळ म्हणाला. "घाटातून बस काढलीय मी. हे काय!"

अक्कानेही मान हलवली. नाही म्हटलं असतं तर दिवाण होताच.

खेळाचा नायक एक मुंगूस. गळ्यात लाल मफलर, पोट सुटलेलं, शेपूट सतत काहीतरी विचार करत असल्यासारखी हलणारी. त्याने हवेलीत लपतछपत शिरायचं, मजले चढत गच्चीवरच्या मुकुटापर्यंत जायचं. पहाऱ्याला बगळे. गणवेश घातलेले, लांब मानेचे, हातात कंदील. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात मुंगूस आला की बगळा चोच वासून किंचाळायचा आणि मुंगूस थेट फाटकाबाहेर. एका बटणाने उडी, एकाने सरपटणं, एकाने पंजा मारणं. भाचीने एवढंच सांगितलं आणि ती सोफ्यावर पाय घेऊन बसली.

बाळने पहिला डाव रस्ता मोकळा असल्यासारखा घेतला. मुंगूस पळत सुटला, बाळ वळणावळणाला अंगासकट झुकला, आणि समोर आलेल्या बगळ्यावर ओरडला, "बाजूला हो रे!" बगळा बाजूला झाला नाही.

"दे इकडे," अक्का म्हणाली.

तिला पहिल्यांदा वाटलं ते हे, की या हवेलीत कुणीतरी नीट लक्ष घालायला हवं. गालिचा वाकडा, पडदा एका कडीतून सुटलेला. मग तिने मुंगसाला पुढे नेलं आणि तिला गंमत वाटली. तो चवड्यांवर चालू लागला, आणि प्रत्येक पावलाला कुणीतरी मऊ टिचकी वाजवावी तसा आवाज येऊ लागला. थांबवलं की तो कान खाजवायचा. उडी मारताना अक्काने स्वतःचे खांदे उचलले, रिमोटही उचलला. "आत्या, रिमोट उडत नाही, मुंगूस उडतो," भाची म्हणाली. अक्का हसली. तरी पुढच्या उडीला खांदे गेलेच वर.

ती पहिल्या खोलीच्या दाराशी पोचली आणि पंजाचं बटण दाबलं. ठकठक. दार उघडून बगळा बाहेर आला, कंदील वर, किंचाळी. डाव संपला.

"अगं आत्या!" भाची उडालीच. "चोर दार वाजवतो का?"

"न वाजवता आत गेलं तर नोकरी जाते," अक्का म्हणाली. ती विनोद करत नव्हती. हॉटेलात पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या खोलीत ती न वाजवता गेली होती, नोकरी जाता जाता राहिली. त्यानंतर आजवर एकही दार वाजवल्याशिवाय तिने उघडलं नाही, रिकाम्या खोलीचंसुद्धा.

बाळ इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. "या, या, हाउसकीपिंग! साहेब, तुमचा मुकुट चोरायला आलेय, आत येऊ का?"

पण हसता हसता बाळ शिकत होता. बसचा मार्ग पाठ करावा तशी त्याने हवेली पाठ केली. कुठला बगळा कधी वळतो, कुठला खांब आडोशाचा. प्रत्येक डावात तो थोडा पुढे जायचा आणि अक्का कुठल्या ना कुठल्या दाराशी अडकायची. नाही वाजवायचं असं ती ठरवून जायची. दार आलं की अंगठा आपोआप दाबायचा.

"खुर्ची उचलायला लागू का?" बाळने भावजयीला ओरडून विचारलं.

अक्काने ऐकलं नाही असं दाखवलं. तिने दार वाजवलं होतंच, पण या वेळी ती तिथेच उभी राहिली नाही. कपड्यांच्या टोपलीमागे सरकली. बगळा बाहेर आला. डोक्यावर प्रश्नचिन्ह. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि कोण वाजवून गेलं ते शोधायला कंदील हलवत पॅसेजच्या पार टोकाला गेला. दार सताड उघडं. अक्का आत, खिडकीतून वर, जिन्यावर.

"हे बरंय," अक्का स्वतःशीच म्हणाली, आणि पुढच्याच जिन्यावर घाईने पकडली गेली.

आता बाळची पाळी. त्याचा हा डाव खरोखर चांगला होता. तो न चुकता शेवटच्या पॅसेजपर्यंत गेला. समोर गच्चीचं दार दिसत होतं आणि त्याच्या दोन बाजूंच्या दोन खोल्यांत बसलेले बगळे, दारातून उजेड टाकणारे. बाळने शेवटच्या थांब्यावर लवकर पोचायची घाई केली. उजेडाने मुंगसाची शेपूट पकडली.

"पुढच्या डावात संपलं," तो कपाळ पुसत म्हणाला, आणि त्यात काही खोटं नव्हतं. अक्कालाही ते कळत होतं. हा तिचा बहुधा शेवटचा डाव.

तिने दिवाणाच्या काठावर बसून रिमोट मांडीवर घेतला. आणि मग तिने हवेलीतलं एकेक दार मुद्दाम वाजवलं. वाजवायचं, टोपलीमागे. वाजवायचं, टेबलाखाली. बगळे येत गेले, शोधत गेले, आणि मुंगूस त्यांच्या खोल्यांतून मालकासारखा पलीकडे जात गेला. भाची सोफ्यावरून खाली उतरून जमिनीवर बसली. भावजय ओल्या हातांनी दाराशी आली.

शेवटचा पॅसेज. अक्काने डावीकडच्या दाराची चौकट ठोकली, सरपटत उजवीकडे गेली, तीही ठोकली आणि फुलदाणीमागे घुसली. दोन्ही बगळे बाहेर आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तू वाजवलंस? असा चेहरा दोघांचा. मग दोघांनी एकाच वेळी वाकून पाहिलं, माना एकमेकींत अडकल्या, कंदील खाली पडले, आणि अंधारातून मुंगूस गच्चीवर गेला. आतषबाजी. मफलर वाऱ्यावर.

अक्का उभी राहिली. रिमोट डोक्यावर धरून ती हॉलमध्ये एक गिरकी घेऊन आली, गुडघे दुखत असताना.

"हे चालणार नाही!" बाळ म्हणाला. "ही फसवाफसवी आहे!"

"बाबा, खेळ चोरीचा आहे," भाची म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "आणि दारं वाजवायची सोय आम्ही खेळात ठेवलीय, पण अशी सगळीच्या सगळी वाजवत गेलेलं मी पहिल्यांदा बघतेय."

बाळ टकलावरून हात फिरवत उठला. "चल, तुझी गादी कुठे लावायची सांग."

"आज? मी आठवडाभर आहे अजून!" भाची म्हणाली.

"तू झोप दिवाणावर," अक्का म्हणाली. "छान आहे. टीव्ही समोरच आहे."

गादी आत गेली. खिडकीखाली डोकं की पाय यावर बाळने मत दिलं, ते कुणी विचारलं नव्हतं. अक्काने गादी दोनदा फिरवून घेतली, दोन्ही वेळा त्याच्याकडून. मग तिने पंखा लावला आणि भावाला बाहेर काढलं.

"अगं, पण दुसरी लेव्हल?" बाळ म्हणाला. "मला अजून खेळायचंय."

"खेळ की," अक्का म्हणाली. "आवाज कमी ठेव."

आणि भर दुपारी, घरातली सगळी माणसं जागी असताना, तिने दार लावून घेतलं.