उचंतातले साडेसहा हजार

कुमुदिनी आगाशे बदलापूरच्या. उल्हासनगरात हरेश सेठच्या जीन्सच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं हिशेब लिहिला. सेठने कधी एक ओळ तपासली नाही, बाईंनी कधी तशी वेळ येऊ दिली नाही. फक्त एक खोड होती बाईंना. उचंत खातं रिकामं झाल्याशिवाय मार्चअखेर झाली असं त्या मानायच्याच नाहीत.

आता उचंत म्हणजे काय, तर पैसे आले पण कुणाचे, कशाचे ते कळेना. मग ते तात्पुरते या खात्यात ठेवायचे. धनी सापडला की त्याच्या नावावर टाकून इथून काढायचे. इतकी साधी गोष्ट. पण कित्येक ठिकाणी लोक कंटाळून ती रक्कम गुपचूप उत्पन्नात ढकलतात. बाईंच्या लेखी ती चक्क चोरी.

यंदा ३१ मार्चला त्या निवृत्त होणार, आणि उचंतात साडेसहा हजार पाच वर्षं ठाण मांडून बसलेले. लॉकडाऊनमध्ये कुणा जिज्ञासा म्हात्रेच्या मोबाइलवरून बँकेत आलेले. या नावाचं ना गिऱ्हाईक, ना व्यापारी. दर मार्चला बाई तो नंबर फिरवायच्या, आणि तो मेला दर मार्चला बंद.

"मॅडम, इन्कम में डाल दो ना," सेठ म्हणाले. "कायको दिमाग खराब करते हो?"

"दुसऱ्याचे पैसे आहेत, सेठ. मी नाही टाकणार."

शेवटच्या आठवड्यात त्यांनी माळ्यावरून त्या वर्षाची वही काढली आणि पान न् पान चाळलं. जूनमध्ये सापडलं. 'चंदर मास्टर, उचल ६,५००, बुडीत.' अक्षर त्यांचंच. चंदर चिखलोलीचा, शिलाईवर होता. लॉकडाऊन लागला तसा उचल घेऊन घरी गेला, फोन लागेना, तेव्हा "हा काही परत देत नाही" असं सेठना सांगून बाईंनीच त्याचं खातं बंद केलं होतं. पैसे आले जुलैत. तोवर येणं बाकी असलेल्यांत चंदर उरलाच नव्हता, मग रक्कम जुळणार कशाशी? आणि कारखान्यात मास्टरचं आडनाव कोण विचारतंय. त्याच्या मुलीच्या, जिज्ञासाच्या, दहावीचा पेढा मात्र बाईंनी खाल्ला होता. त्यांना स्वतःचा अस्सा राग आला, की बस. कारखाना पुन्हा उघडल्यावर सगळ्यांना बोलावणं गेलं होतं, एकट्या चंदरला नाही.

वही सेठसमोर ठेवून, चंदरला परत घ्यायचा होकार मिळवून त्या तशाच रिक्षाने चिखलोलीला गेल्या. चंदरच्या बायकोने, काशीने, खुर्ची दिली. चंदर शाळेचे गणवेश शिवत होता. केस पार पांढरे झालेले.

"चंदर, पैसे तू तेव्हाच भरले होतेस," बाई म्हणाल्या. "मी तुला बुडव्या लिहून मोकळी झाले. चूक माझी आहे. सेठनी सोमवारपासून बोलावलंय."

चंदरने मशीन थांबवलं.

"पयशे तर पोचले, तरी बोलावला नाय," तो म्हणाला. "मना वाटला, माजी शिलाईच बिगडली. म्हनून परत कंदी जीन्सला हातच नाय लावला."

बाईंनी त्याच्या हातातला गणवेश घेतला, उलटा करून शिवण पाहिली, एक टाका वाकडा नव्हता, आणि त्यांना रडू आवरेना.