दीडपटांची रजई

माझं दुकान दोऱ्यांचं, बटणांचं आणि अस्तराच्या कापडाचं. समोरचा रस्ता ओलांडला की रजयांचं दुकान. तिथला कापूस उडून माझ्या काउंटरवर येऊन बसतो. पंचवीस वर्षं मी तो पुसते आहे, आणि पंचवीस वर्षं रजईवाले काका मला तेच सांगताहेत, "अगं दोरेवाली, फुकटचा माल येतोय, भर की उशी."

त्यांना सगळा बाजार दीडपट म्हणतो. तोंडावर नाही, पाठीमागे. सुरुवातीला दीडशहाणे म्हणायचे. मग त्यांची ती रजई चालायला लागली, तेव्हा शहाणे गळून पडलं आणि दीडपट तेवढं उरलं.

रजई अशी. नवरा-बायकोला मिळून एकच, पण मधोमध उभी शिवण. शिवणीच्या एका अंगाला एक किलो कापूस, दुसऱ्या अंगाला दीड. ज्याला उकडतं त्यानं किलोखाली झोपायचं, ज्याला हुडहुडी भरते त्यानं दीडखाली. लग्न झालेल्या माणसांना याहून जास्त समजवावं लागत नाही. एक लाथेनं पांघरूण उडवतो, दुसरी ते ओढून घेते आणि सकाळी दोघंही तोंड फुगवून चहा पितात. मी लग्न केलं नाही, पण दुकानात बसून बसून मला जगातली सगळी पांघरुणाची भांडणं पाठ झाली आहेत.

पहिली रजई त्यांनी स्वतःच्या घरासाठी केली, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. काकूंना थंडी सोसायची नाही. काका पक्के उकडणारे. ऐन गारठ्यात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि डोक्यावर पंखा. तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं रजई केली, आणि चुकवली. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून मनाशी म्हणाले, काकू डावीकडे झोपतात. उभ्या माणसाचं डावं म्हणजे झोपलेल्या माणसाचं उजवं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. दीड किलो आला त्यांच्या स्वतःच्या अंगावर. पालथी घालावी तर अस्तर वर आलं असतं, फिरवून घ्यावी म्हटलं तर तोंडाकडे मऊ कापडाची पट्टी शिवलेली, ती पायाकडे गेली असती. काका उसवायला बसले तर काकू म्हणाल्या, "राहू द्या हो. मीच सरकते पलीकडे." आणि त्या भिंतीकडची जागा सोडून खिडकीकडे गेल्या. तेव्हापासून त्यांची तीच जागा.

ही फजिती काका स्वतःच सगळ्यांना सांगायचे. तिच्यामुळेच त्यांनी दुकानात एक पलंग ठेवला होता. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "आधी आडवे व्हा, मग डावं-उजवं सांगा." भर दुपारी, रस्त्यावरच्या दुकानात, आडवे व्हा! नवीन लग्न झालेल्या मुली लाजून लाल व्हायच्या. एकदा एक जाडजूड मास्तर आडवे झाले आणि घोरायलाच लागले, त्यांची बायको बिचारी माझ्या दुकानात येऊन तासभर बसली. पण डावं-उजवं पुन्हा कधी चुकलं नाही. शिवाय पहिल्या रजईपासूनच जाड बाजूच्या कोपऱ्यात काका लाल दोऱ्याचा एक ठसठशीत टाका घालायचे. ज्याला थंडी वाजते त्याची ही बाजू, ही खूण. आणि अस्तराच्या आतल्या अंगाला, कापूस भरण्याआधी, न पुसणाऱ्या पेन्सिलीनं वजन लिहायचे. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दीड.

काकू जाऊन आता दीड वर्ष झालं. पोटाचं दुखणं होतं, तीन महिन्यांत आटोपलं. एकुलती एक लेक दुसऱ्या गावी, नोकरी आणि दोन मुलांत बुडालेली. काकांनी दुकान उघडायचं सोडलं नाही, पण गिऱ्हाईक आलं की पलंगाकडे बोट दाखवत नाहीत. "सांगा, काय हवंय," एवढंच म्हणतात. लोक एकेरी रजई मागतात, ते एकेरी देतात.

मी एकदा त्यांच्या घरी डबा द्यायला गेले होते, तेव्हा पलंग पाहिला. भिंतीकडची बाजू विस्कटलेली. खिडकीकडची बाजू साफ, एक सुरकुती नाही, उशीचा अभ्रा नुकता बदललेला. न वापरलेल्या उशीचा अभ्रा हा माणूस दर आठवड्याला धूत होता. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला, म्हणून मी डबा ठेवून तशीच परत फिरले.

मग लेकीनं हट्ट धरला. एकटे राहू नका, माझ्याकडे या. मागच्या खोलीत खाट टाकते. काका महिनाभर हो-नाही करत राहिले आणि शेवटी हो म्हणाले. पण खाट एकेरी. लेक म्हणाली, "बाबा, ती एवढी मोठी रजई कुठे आणता? मधून कापा. तुमची अर्धी आणा, आईची कुणाला तरी देऊन टाका." तिचं काही चुकलं नाही. खाटेच्या मापानं ती अगदी बरोबर बोलली.

एका गुरुवारी दुपारी काकांनी मला हाक मारली. दुकानातल्या पलंगावर घरची रजई पसरलेली, बाजूला मोठी कात्री आणि वजनकाटा. रविवारी लेक न्यायला येणार होती.

"मधली शिवण उसवून दे," ते म्हणाले. "मला हल्ली टाका दिसत नाही."

"नक्की कापायची?"

"खाट एकेरी आहे गं."

"मी ते विचारलं नाही."

"उसव," ते म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

मी उसवायला बसले. वरचे टाके काकांचे होते, बारीक, तिरपे, दोरा पिवळा पडलेला. पण खाली वीतभर अंतरात टाके सरळ होते, जरा लांब लांब, आणि दोरा पांढरा. तो दोरा माझ्या दुकानातला होता. कुणी नेला होता तेही मला माहीत होतं. मी उसवत राहिले.

काकांनी दोन्ही बाजूंचा कापूस काढला, वेगवेगळे ढीग केले. सवयच ती, हात आपोआप काट्याकडे गेला. भिंतीकडचा, म्हणजे त्यांचा ढीग चढवला. काटा दीडच्या जरासा अलीकडे थांबला. त्यांनी काट्याला टिचकी मारली. पुन्हा तेच. मग खिडकीकडचा, काकूंचा. एकाच्या जरासा पुढे.

काकांनी अस्तर उलटून पाहिलं. पेन्सिलीचे आकडे स्पष्ट होते. काकूंच्या बाजूला दीड, त्यांच्या बाजूला एक. कोपरा चाचपला. लाल टाका काकूंच्याच कोपऱ्यात.

ते पलंगावर बसले. "म्हणजे मी पुन्हा घोटाळा केला," ते म्हणाले. "लिहिलं बरोबर आणि भरलं उलटं. एक्केचाळीस वर्षं ती पातळ बाजूखाली झोपली. आणि ती सरकली होती गं, माझ्यासाठी सरकली होती. सरकून पुन्हा थंडीतच." त्यांनी चष्मा काढला. "मला म्हणाली का नाही? मी काय वाघ होतो?"

मी वचन दिलेलं होतं. काकूंनी स्वच्छ बजावलं होतं, "तोंडातून अवाक्षर काढलंस तर तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही." पण आता त्या तशाही पायरी चढणार नव्हत्या, आणि समोर हा म्हातारा माणूस न केलेल्या चुकीसाठी रडत होता. काकू, रागवायचं तर रागवा, असं मनात म्हटलं आणि बोलले.

"तुम्ही काही चुकवलं नाही. रजई बरोबरच होती. काकूंनी बदलली."

त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. काकांना साठीनंतर थंडी वाजायला लागली होती. झोपेत दात वाजायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे. काकूंनी वर शाल टाकली की अर्धवट झोपेत भिरकावून द्यायचे आणि सकाळी उठून म्हणायचे, "काय उकडलं रात्री!" सगळ्या बाजाराला माहीत असलेला उकडणारा माणूस, त्याला कोण सांगणार की तुला थंडी वाजते? तेव्हा दरवर्षी थंडीच्या आधी, काका कापूस आणायला बाहेरगावी गेले की काकू माझ्याकडे येऊन पांढऱ्या दोऱ्याचं रीळ न्यायच्या. घरातला दोरा कमी झाला तर काकांच्या नजरेत येईल म्हणून. मधली शिवण वीतभर उसवायची, स्वतःच्या बाजूचा मूठभर कापूस काढून त्यांच्या बाजूला सारायचा, पसरायचा, शिवून टाकायचं.

"मी त्यांना विचारलं, आणि तुम्ही? तर म्हणाल्या, मी मोजे घालते की. दोन जोड."

काकांनी चष्मा शर्टाला पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मला वाटायचं, कापूस फुलतोय."

तेही मला माहीत होतं. माझ्यासमोर ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "माझा कापूस जुना झाला की फुलतो. घरची रजई बघा, दरवर्षी जास्त ऊबदार!" काकू मागे उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्हा दोघींची नजरानजर व्हायची. आता ते आठवून मला हसू येईना.

"किती वर्षं?"

"नऊ."

"मूठ-मूठ?"

"मूठ-मूठच. दहाव्या वर्षी आजारी पडल्या. निरोप पाठवला होता, रीळ बाजूला काढून ठेव, बरं वाटलं की येते."

"आहे अजून?"

होतं. दीड वर्ष माझ्या खणात पडून होतं. विकायचा धीर झाला नव्हता, टाकून द्यायचा तर नाहीच. मी रस्ता ओलांडून ते आणलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, जणू त्यावर काही लिहिलेलं असेल.

मग ते उठले. काकूंच्या ढिगातून एक मूठ कापूस घेतला, काकूंची मूठ लहान म्हणून हात अर्धाच भरला, आणि आपल्या ढिगावर ठेवला. पुन्हा काट्यावर चढवलं नाही.

"एवढंच राहिलं होतं तिचं," ते म्हणाले.

कात्री त्यांनी टेबलाच्या खणात टाकली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून कापूस परत भरला, त्यांचा त्यांच्या बाजूला, काकूंचा काकूंच्या. सुईत दोरा मी ओवून दिला, शिवण मात्र त्यांनी चाचपडत स्वतः घातली. टाके वाकडे आले. शेवटी त्यांनी माझ्याकडे लाल दोरा मागितला. काकूंच्या कोपऱ्यातला लाल टाका नखानं उचकटून काढला आणि आपल्या कोपऱ्यात नवीन घातला, ठसठशीत.

मी घरी गेले. माझी रजई एकेरी आहे, त्यांनीच करून दिलेली. तिला डावं-उजवं नाही, खूण नाही. माझे दात झोपेत वाजतात की नाही, हे मला सांगणारं कुणी नाही, याचा विचार मी आजवर केला नव्हता.

रविवारी लेक आली तेव्हा मी डबा घेऊन काकांच्या घरीच होते. काकांची पिशवी भरलेली नव्हती. रजई घडी घालून पलंगावर ठेवलेली, अख्खी.

"बाबा, हे काय? अजून कापली नाही?"

"नाही कापत. तुझ्या खाटेवर मावायची नाही, तेव्हा मी इथेच बरा. मला थंडी वाजते गं."

लेक बघतच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "तुम्हाला? तुम्हाला तर कायम उकडतं!"

काकांनी रजईचा कोपरा उलटून तिला लाल टाका दाखवला.

"उकडायचं," ते म्हणाले. "तुझी आई होती तोवर."