उकंड्याची आत्या

आत्यानं मला आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलं नाही. दहावीत मी शाळेतून पहिला आलो तेव्हा बाबा गावभर पेढे वाटत फिरत होते, आणि आत्या दारात उभी राहून शेजारणींना सांगत होती, "नकला मारल्या असन. हे कायचं हुशार? उकिरड्यावरचं पोट्टं!" शेजारणी हसल्या. मी रडवेला झालो. रात्री जेवायला बसलो तर ताटात ज्वारीच्या भाकरीखाली पुरणाची पोळी दडवलेली. मी वर पाहिलं. आत्या चुलीकडे तोंड करून म्हणाली, "खाय मुकाट्यानं, गिधाडा."

ती बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच कुंकू पुसून माहेरी आली ती कायमची. शेतात कापूस वेचायला सगळ्यांच्या पुढे, आणि बोलायलाही सगळ्यांच्या पुढे. पण तिच्या सगळ्या शिव्या माझ्या वाट्याला यायच्या. धाकटी बहीण पूनम आजारी पडली तर आत्या तिच्या उशाशी बसायची. मी आजारी पडलो तर लांब खाटेवर बसून म्हणायची, "पडू द्या तिकडे. कोणाले पाह्यजे ते?" आणि अर्ध्या तासानं कोणाचं लक्ष नाही असं पाहून माझ्या कपाळाला हात लावून जायची. नवीन शर्ट आणला की तिला तो आधी द्यावा लागे. कॉलरच्या आतल्या बाजूला ती जुन्या लुगड्याचं बोटभर ठिगळ लावायची, मगच तो माझ्या अंगात जायचा. यवतमाळला कॉलेजात आलो तेव्हा माझ्या तिन्ही शर्टांना तसं ठिगळ होतं. होस्टेलच्या मुलांनी ते पाहू नये म्हणून मी कॉलरचं बटण लावून फिरायचो.

आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेला मीच पहिला. फुलसावंगीच्या पुढच्या लहानशा गावातून आलेल्या मुलाला शहरात लाजायला खूप गोष्टी असतात, आणि माझ्याकडे तर नावच होतं. उकंडा. हजेरीच्या वेळी सर चष्मा वर करून विचारायचे, "हे नाव आहे की आडनाव?" रूममधल्या मुलांनी दोन दिवसांत माझा 'यूके' केला. मेसमध्ये कोणी विचारलं तर सांगायचे, "आमचा यूके रिटर्न आहे भाऊ, त्याले पोहे चालत नाही." मीही हसायचो. हसण्याशिवाय काय करणार?

पहिल्या वर्षाला मराठीच्या मॅडमनी एक निबंध लिहायला दिला. आपल्या नावाचा अर्थ, उगम आणि प्रसार. बाकीच्यांनी मोबाईलवरून तासाभरात उतरवलं. कोणी सूर्य निघाला, कोणी विष्णू. मी मुलांच्या नावांच्या दोन-तीन याद्या धुंडाळल्या. एकीतही माझं नाव नव्हतं. आईला फोन करून विचारलं, तर मागून आत्या ओरडली, "नावाचा अर्थ घेऊन काय चाटतं का? नाव राह्यलं, पोट्टं राह्यलं, झालं! ठेव फोन!" आईनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आत्या शेतात गेल्यावर तिनं स्वतःच फोन केला आणि हळू आवाजात सांगितलं.

माझ्या आधी आईला तीन मुलगे झाले होते. तिघांच्याही कानात नाव सांगितलं ते आत्यानंच, कारण नाव ठेवायचा मान आत्याचाच असतो. राजकुमार, विजय, दीपक. तिनं हौसेनं निवडलेली नावं. एकही दोन महिन्यांच्या वर राहिला नाही. आत्यानं मनाशी धरलं की पोरं तिच्या नावांनीच गेली. इतकी चांगली नावं ऐकून कोणाची तरी नजर पडली. म्हणून मी झालो तेव्हा तिनं मला सुपात घातलं, घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि मागे न पाहता घरात आली. आधीच सांगून ठेवलेली शेजारची काशीबाई तिथं आली. तिनं मला पाहून तीनदा मोठ्यानं विचारलं, "कोणाचं होय हे पोट्टं?" दाराआड आई होती, बाबा होते, आत्या होती. कोणी उत्तर द्यायचं नसतं. बोललं की संपलं. आईला रडू फुटलं तेव्हा आत्यानं तिच्या तोंडावर हात दाबून धरला. तीनदा विचारून झाल्यावर काशीबाई म्हणाली, "कोणाचंच नाही, त मंग राहू द्या जगात," आणि तिनं सूप आणून आईच्या पुढ्यात ठेवलं. त्या दिवसापासून मी घरचा नव्हतो. उकिरड्यावर सापडलेला होतो. आमच्याकडे उकिरड्याला उकंडाच म्हणतात, म्हणून उकंडा. फेकून दिलेली वस्तू न्यायला कोणी येत नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ.

अशी नावं पूर्वी आमच्या भागात बरीच होती म्हणतात. मी सुट्टीत विचारत फिरलो. आमच्या गावात एक उकंडाबाबा होते, मी चौथीत असताना वारले. पलीकडच्या गावातल्या एका उकंडरावांच्या नातवानं तर आजोबांचं नाव सांगायलाच खळखळ केली. आता मुलं दवाखान्यात होतात, जगतात, आणि घरामागे उकिरडाही राहिलेला नाही. माझ्या माहितीत या नावाचा मीच शेवटचा.

हे सगळं मी निबंधात लिहिलं. शिव्या, ठिगळ, भाकरीखालची पोळी, सगळं. शेवटचं वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले होते : 'मी उकिरड्यावरचा नाही, मी माझ्या आत्याचा सगळ्यात लाडका आहे.' मॅडमना निबंध आवडला. त्यांनी तो वार्षिक अंकात छापला, माझ्या फोटोसकट. आमच्या घरातलं कोणी छापून येण्याची ती पहिलीच वेळ.

अंक घेऊन मी घरी गेलो. आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळा निबंध वाचून दाखवला. ती खूश होईल, निदान एखादी शिवी कमी देईल, असं मला खरंच वाटलं होतं. वाचून झालं तेव्हा तिचे हात थांबलेले होते.

"हे किती जणायनं वाचलं?" तिनं विचारलं.

"पूर्ण कॉलेजनं, आत्या. सगळ्यांना वाटतात."

"म्हणजे सांगून देलं तू," ती म्हणाली. "आमचा होय म्हणून सांगून देलं सगळ्यायले."

मी तिला समजावायला लागलो. बाळांचं वजन कमी असणं, कावीळ, वेळेवर डॉक्टर न मिळणं, जे शिकलो होतो ते सगळं सांगितलं. ही सगळी अंधश्रद्धा असते, असंही म्हणालो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"अन् माहे ते तीन पोट्टे? ते काय अंधश्रद्धेनं मेले?"

ती सूप उचलून आत गेली.

त्या दिवसापासून तिनं मला शिव्या देणं बंद केलं. मी बोलावलं तर ऐकू न आल्यासारखी बसायची. आधी आईच्या हातातून फोन ओढून घेऊन मला चार शब्द सुनवायची, आता फोन वाजला की उठून अंगणात जायची. मी जे उघड करून ठेवलं होतं ते झाकायला तिच्याकडे एकच उपाय होता. आधी परकेपणाचं नाटक होतं, आता ते तिनं खरं करून दाखवायला घेतलं. दिवाळीला घरी गेलो तर पूनमला म्हणाली, "पाहुणे आले वाटते. पाणी दे त्यायले." मला! मी आईजवळ रडलो. आई म्हणाली, "मी काय करू रे बाप्पा? मलेच भेव वाटते तिचं."

त्या दिवाळीत आणखी एक गोष्ट पाहिली. दर अवसेला आत्या उकिरड्यावर पणती ठेवायची. तो उकिरडा गावाच्या स्वच्छतेच्या मोहिमेत उचलला गेला होता आणि तिथं सिमेंटचा रस्ता झाला होता. आत्या पणती घेऊन त्या रस्त्याच्या मधोमध ओणवी झाली. मागून मोटारसायकलवाला ओरडला, "ओ मावशी, मरता का?" तिनं पणती उचलली, कडेला ठेवली, मग पुन्हा मधे आणली. तिला नेमकी जागा सापडत नव्हती. मी दारातून पाहत होतो. जवळ गेलो असतो तर तिनं पणती विझवली असती.

पुढच्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले छातीत पाणी आहे आणि वय झालंय, घरीच ठेवा. मी परीक्षा टाकून आलो. ती आईलाही नीट ओळखत नव्हती, असं बाबा म्हणाले. काशीबाईला मात्र ओळखत होती म्हणे. मी खाटेजवळ बसलो. तिनं डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग तिचा हात माझ्या कॉलरकडे आला. बोटांनी आतलं ठिगळ चाचपलं.

"कोणाचं होय हे पोट्टं?" तिनं विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं. तुझा, आत्या, एवढंच म्हणायचं होतं. तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती, आणि ती खरंच विसरली होती की कसं, हे मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही.

"कोणाचं होय?" तिनं पुन्हा विचारलं.

माझ्यामागे आईचा हुंदका आला. "बाई, तुमचाच उकं..." ती म्हणायला लागली. मी मागे वळून तिच्या तोंडावर हात ठेवला.

तिसऱ्यांदा तिचा आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलले. घरात आम्ही चौघं होतो. कोणीच बोललं नाही.

आत्यानं माझी कॉलर सोडली. "कोणाचंच नाही," ती म्हणाली, "त मंग राहू द्या जगात."