पहिला घास जमिनीवर

सन दोन हजार तेवीस, फाल्गुनाचा शेवट. मोह गळायला लागला होता. आमच्या गोंडांच्या वस्तीलगतच्या जंगलात तेव्हा एका विनोदी सिनेमाचं शूटिंग झालं. सिनेमावाले महिन्याभरात गेले, किस्से इथेच राहिले. किस्से मोहाच्या फुलांसारखे असतात. एक उचलायला वाकावं तर टोपली भरते.

*

सिनेमात हिरो जंगलात चुकतो आणि आदिवासी त्याला पकडतात. त्यासाठी आम्हाला रांगेत उभं केलं. सगळे पँट-शर्टात. निवड करणारा माणूस नाराज झाला. हे लोक आदिवासी वाटतच नाहीत, म्हणाला. मग काळा रंग आला. माझा सोबती दौलत मुळात तव्यासारखा. त्यालाही खुर्चीत बसवून रंग फासायला लागले.

दौलत म्हणाला, "जलमभर उन्हात काम केलं. तरी कमी पडलं का जी?"

*

डोक्याला लावायची पिसं मुंबईहून खोक्यात आली. हातभर लांब. आमच्यातल्या सुखदेवने विचारलं, हा कोणता पक्षी? कपडेवाली बाई म्हणाली, शहामृग, आफ्रिकेत असतो.

सुखदेवने पिसं खोक्यात परत ठेवली. "मंग मॅडम, लोकंही तिथूनच आणाचे होते."

*

डायरेक्टर मला म्हणाला, बाबा, तुमच्या भाषेत काहीतरी बोला. मी गोंडीत बोललो. लांबून आलात, बसा, पाणी घ्या. घरी आलेल्याला आम्ही हेच म्हणतो.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "छान आहे, पण फार साधं वाटतं. जरा जंगली पाहिजे." आणि स्वतःच हुबा-हुबा असं काहीतरी करून दाखवलं.

मी विहिरीवर गेलो, रंग धुतला आणि घरी आलो. दौलत आणि सुखदेव थांबले. त्यांना मी बोल लावला नाही. मी मात्र परत गेलो नाही.

*

सिनेमात आमच्या सरदाराचं काम करणारा नट बाहेरचा होता. लोकांना हसवण्यात नाव कमावलेला. एका दुपारी तो माझ्या घरी आला. तुम्ही कसे राहता ते पाहायचं आहे, म्हणाला. माझ्या बायकोने, जनाबाईने, त्याला भाकर आणि तुरीचं वरण वाढलं. स्वतः जेवायला बसली तेव्हा दोन बोटं मुडपून तिने पहिला घास जमिनीवर ठेवला. त्याने विचारलं, हे काय?

"आमचे मेलेले आधी जेवतात, बाबू. मंग आपुन."

त्यानेही तसाच घास ठेवला. तिला बरं वाटलं. मग मी त्याला आमची रीत सांगितली. ज्या बाईच्या हातचं खाल्लं, ती गेल्यावर तिच्या दिवसाच्या जेवणाला ओंजळभर तांदूळ घेऊन यायचं. तोवर ते जेवण उसनं.

तो हसून म्हणाला, "मग माई, मला लवकर बोलावू नका." तीही हसली.

*

पुढच्या दिवाळीत सिनेमा वर्ध्याच्या टॉकीजला लागला. सगळी वस्ती गेली. पडद्यावर तो सरदार पिसं लावून जेवायला बसला. दोन बोटं मुडपून घास जमिनीवर ठेवला. मग मेलेल्या आजाशी त्याच घासावरून भांडला, आणि शेवटी जमीन चाटली. टॉकीज हसून हसून लोळली.

घर आलं तेव्हा जनाबाई म्हणाली, "हात बराबर माहाच केला त्यानं." मग दार उघडत, "पण लोकं काऊन हासले?"



त्यानंतर घरात परकं माणूस असलं की ती घास ठेवत नसे. नात सावंगीला नर्सिंग शिकते. एकदा तिच्या मैत्रिणी जेवायला आल्या. जनाबाई तशीच जेवायला लागली. मी रागावलो. ती हळूच म्हणाली, "पोरी हासतीन."

माझ्या आईने आणि आजीने उभ्या जन्मात न चुकवलेला घास ती माझ्या घरात चुकवत होती.

*

गेल्या पौषात ती गेली. दौलतकडे त्या नटाचा नंबर होता. मी दौलतला म्हटलं, फोन कर, एवढंच सांग की उसनं बाकी आहे.

तिच्या दिवसाच्या जेवणाला तो आला. रुमालात तांदूळ बांधलेले. त्याने ते माझ्यापुढच्या सुपात ओतले. मी म्हटलं, "बस."

तो पंगतीत बसला. नातीच्या मैत्रिणी समोरच होत्या. त्यांनी त्याला ओळखलं, एकमेकींना कोपर मारलं. पोरांनी मोबाइल काढले. पत्रावळीवर भात-वरण पडलं. सगळी पंगत त्याच्या हाताकडे पाहत होती.

त्याने दोन बोटं मुडपली. घास जमिनीवर ठेवला. हात जोडले आणि मान खाली घालून बसून राहिला.

कोणी हसलं नाही. समोरच्या एका पोरीने आपल्या पानातला घास उचलून खाली ठेवला. मग दुसरीने.

मी त्याला म्हटलं, "जेव आता. फिटलं."