विटेएवढा बर्फ

आमच्या बर्फाच्या मशीनवर एक चित्र चिकटवलेलं होतं. काचेचा ग्लास आणि त्यात छान छोटे चौकोनी खडे. प्रत्यक्षात आतून निघायची ती एकच लादी, विटेएवढी जाड. निघायची असं म्हणायचं आपलं. ती आतच चिकटून बसायची, आणि आम्ही बाया दार उघडून कपडे धुवायच्या मोगरीने तिला बदडायचो. फुटली की एक तुकडा पायावर, एक भिंतीवर. तसला टोकदार बर्फ झिंग्यांवर टाकला की झिंग्यांचा लगदा व्हायचा. रोहूवर टाकला की त्याच्या अंगावर खड्डे पडायचे, आणि बाजारातलं गिऱ्हाईक त्या खड्ड्यात बोट घालून म्हणायचं, शिळा आहे.

लोक मला अजून विचारतात, बर्फाच्या आकारावरून घरच्या मोठ्या माणसाशी भांडायचं असतं का? असतं. मी भांडले, आणि वेळ आली तर पुन्हा भांडेन.

आमचं गाव सावली तालुक्यात, वैनगंगेला लागून. आम्ही ढिवर. पुरुष जाळं टाकतात आणि मासोळी विकायचं काम बायांचं. पण ते विकणं नावापुरतंच होतं. उजाडता उजाडता मूल गावचा व्यापारी बर्फाचे डबे गाडीत घालून घाटावर यायचा. बर्फ त्याच्याकडे आणि ऊन आमच्याकडे. तो भाव सांगायचा. कुणी कुरकुर केली की शांतपणे म्हणायचा, "नाई पटत तं ने ना बाई घरी." घरी नेऊन करायचं काय? चैत्र-वैशाखात दुपारपर्यंत त्या मासोळीला मांजरही तोंड लावत नाही. माझ्या सासूने उभं आयुष्य त्याच्या डब्यात टोपलं रिकामं केलं. नाही म्हणायलासुद्धा बर्फ लागतो, हे मला लग्न होऊन या गावात आल्यावर कळलं.

म्हणून बचत गटाला एका योजनेतून मशीन मिळाली तेव्हा आम्ही तिला हळदकुंकू वाहिलं होतं. मासोळी एक रात्र टिकली तरी पुरे, दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून चामोर्शीच्या बाजारात आपल्या भावाने विकता येईल, एवढाच हिशेब होता. आणि ही बया लाद्या पाडत बसली.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष माझे चुलत सासरे. मशीन बायांच्या नावावर आली म्हणून ते आधीच फुगून होते. लाद्या पडायला लागल्या तसे खुलले. "बायाइच्यानं मशीन चालत असते काय?" भर चौकात म्हणाले. "मूलले नेऊन ठेवू, त्या शेटच्या गोदामात. तो चालवन, तुमाले बरफ देईन." म्हणजे ज्याच्या तावडीतून सुटायला मशीन आणली, तिची चावी त्याच्याच खिशात! वर सोमवारी टेम्पो येणार हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हटलं, "मामाजी, सोमवारपर्यंत मशीन नीट नाई झाली तं न्या. झाली तं हात लावू देणार नाई." असं सासऱ्यांशी बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "तुले येते काय नीट करता?" मला येत नव्हतं.

मशीन बसवायला चंद्रपूरहून एक मेकॅनिक आला होता. त्याने आमच्या विहिरीच्या पाण्याची बादली नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "मच्छीचा वास येऊन राह्यला. मशीनले साफ पाणी लागते." पाण्याला कसलाही वास नव्हता. आम्ही कोण आहोत हे त्याला ठाऊक होतं, आणि वास तिथूनच येत होता. पण ते वाकडं तोंड आमच्या मनाला फार लागलं. त्याच दिवशी ठरलं की या मशीनला कुणी नाव ठेवता कामा नये. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवाकोरा आरो प्लांट बसला होता. तिथून कॅन भरून, कमरेवर घेऊन, तापलेल्या रस्त्याने आम्ही पाणी आणायला लागलो. घरची लेकरं विहिरीचं पाणी पीत होती आणि मशीन आरोचं.

मेकॅनिकला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "विहिरीचं पाणी टाकलं असन ना?" नाही म्हटलं तर जाळी साफ करा म्हणाला. केली. मागच्या पत्र्यांमधली धूळ काढा म्हणाला. दात घासायच्या ब्रशने काढली. मग त्याने एक खरी कामाची गोष्ट सांगितली. मशीनच्या आत एक उभी थंड पाटी असते, तिच्यावरून पाणी वाहतं आणि गोठतं. पाटीसमोर एक धातूचं बोट लोंबतं. बर्फ जाड होत आला की वाहतं पाणी त्या बोटाला लागतं, मशीनला कळतं की आता पुरे, आणि ती बर्फ खाली सोडते. बोटाच्या वर एक स्क्रू आहे, तो फिरवून बोट पाटीच्या जवळ आणा, बर्फ पातळ पडेल. हे सांगून त्याने फोन ठेवला, आणि पुढे काही तो उचलेना.

मी बोट जवळ आणलं. लादी जाडच. आणखी जवळ आणलं. लादी जाडच. शेवटी इतकं जवळ आणलं की बर्फाने ते बोटच गिळलं. बोट बर्फात रुतलेलं, वरून पाणी वाहतंय, आणि मशीनला पत्ता नाही! गटातली एक बाई म्हणाली, "राहू दे वं, आपल्या नशिबात नाई." मला नशीब हा शब्द ऐकला की डोकं उठतं. मी तिच्यावर उगाच खेकसले, मग जाऊन तिला चहा पाजला.

रविवारी दुपारी मी घरी चिल्लर मासोळीला मीठ लावत बसले होते, उन्हात वाळवायला. हात चालू होते पण डोकं मशीनपाशी. बसवेना. तशीच उठले, हात साडीला पुसले न पुसले आणि अंगणवाडीच्या जुन्या खोलीत गेले, जिथे मशीन ठेवली होती. आतलं बोट हलून तर बसलं नाही ना, हे बघायला हात घातला. माझी दोन बोटं एकदमच लागली, एक त्या धातूच्या बोटाला आणि एक पाटीला. आतून खट्‌ असा आवाज आला. पाणी वाहायचं थांबलं, आणि थोड्याच वेळात पाटीवरची पातळ लादी सुटून खाली पडली आणि पडता पडता खडे खडे झाली.

मी तिथेच फरशीवर बसले. मशीनने माझा हात ओळखला होता, पण पाणी ओळखलं नव्हतं. माझ्या हाताला असं काय होतं जे त्या पाण्यात नव्हतं? मीठ. आणि मग बारावीत कधीतरी वाचलेलं आठवलं, की पाण्यातून वीज जाते ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. बोटापासून पाटीपर्यंत ती वीज पोचली तरच मशीनला कळत असणार. आमच्या विहिरीच्या पाण्याने चहा उकळायची गंजी आतून पांढरी होते, इतके क्षार. आरो प्लांट नवा होता, त्याने ते सगळे काढून टाकले होते. ज्या पाण्यासाठी आम्ही भर उन्हात कमरा मोडून घेतल्या, ते मशीनला पाणीच वाटत नव्हतं! मला हसू आलं, आणि हसता हसता संताप आला. एका माणसाच्या वाकड्या तोंडासाठी आम्ही आमच्या चांगल्या विहिरीची लाज धरली.

टाकी रिकामी केली, विहिरीवरून बादली आणली. बाया जमल्या. "विहिरीचं टाकून राह्यली? बिघडली तं?" "बिघडली तं उद्या टेम्पो येऊनच राह्यला," मी म्हटलं आणि बादली ओतली. बोट पुन्हा आधीच्या जागी नेलं. सगळ्या जणी दाराशी उभ्या राहिल्या. मग खट्‌ झालं. खडे पडले, चित्रातल्यासारखे. ज्या बाईवर मी खेकसले होते तिनेच पहिला खडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड हाय वं आपलं पाणी." क्षारांची खपली आता पाटीवर धरते, ती आम्ही दर पंधरवड्याला चिंचेच्या पाण्याने घासून काढतो. घासायची आम्हाला सवय आहे.

संध्याकाळी मामाजी येऊन बघून गेले. "पुना बिघडली तं?" एवढंच विचारलं. "पुना नीट करू," मी म्हटलं. त्यांनी टेम्पोवाल्याला फोन लावला की नाही मला माहीत नाही. सोमवारी टेम्पो आला नाही.

व्यापारी मात्र आला. सोमवारी सकाळी घाटावर सासू थर्माकोलच्या डब्यात एक थर बर्फाचा, एक थर मासोळीचा असा भरत होती. खडे मासोळीच्या अंगाशी नीट बसत होते. त्याने भाव सांगितला आणि स्वतःचा डबा पुढे सरकवला. "टाक बाई, चाल." सासूने आपल्या डब्याचं झाकण लावलं.

"नाई देत," ती म्हणाली.

तिला ऐकू आलं नसेल असं समजून त्याने भाव पुन्हा सांगितला. मग वाढवून सांगितला. तिने मान हलवली आणि ती झाकणावर बसली. तिचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता.

"मंग काय करशीन एवढी मच्छी?" तो चिडून म्हणाला. "एकटी खाशीन काय?"

"खाईन, वाटीन, नाई तं नदीत सोडीन," सासू म्हणाली. "मच्छी माही हाय."