उजवी बाजू नेल्लोची

इटलीतल्या मोदेनात एर्मेसला सगळे ‘डावा’ म्हणत. तो डावखुरा मुळीच नव्हता. पत्रा ठोकून गाड्यांची अंगं घडवणाऱ्या कारखान्यात तो फक्त डावी मडगार्डं करायचा, म्हणून हे नाव. उजवी पूर्वी त्याचा धाकटा भाऊ नेल्लो करी. चौपन्न साली नेल्लो अमेरिकेला, डेट्रॉइटला गेला, आणि उजव्या बाजूला हात लावायचा नाही असं एर्मेसने ठरवलं ते ठरवलं. मालकाने समजावलं, दम दिला, शेवटी कपाळाला हात लावून उजवीकडे दुसरा माणूस बसवला. इतका हट्टी माणूस गावात दुसरा नसेल, आणि इतका मायाळूही.

दहा वर्षांनी नेल्लो सुट्टीवर आला, तो आपली निळी अमेरिकन गाडी, कोर्वेट, बोटीवर चढवून. रविवारी जेवतानाच दोघांची जुंपली.

“तुमच्या कारखान्यातल्या गाडीचे, त्या बाईसाहेबांचे, बारा सिलिंडर,” नेल्लो म्हणाला. “धुकं पडलं की एकेकाची मनधरणी करा. माझे आठच, पण हाक मारली की हजर.”

“आमची गाते. तुझी नुसती घोरते,” एर्मेस म्हणाला. “आणि वळण आलं तरी सरळच जाते, तुझ्यासारखी. गेली ती गेली.”

एर्मेसची बायको इओले “सूप निवतंय” म्हणत दोघांना त्यातल्या सारण भरलेल्या तोर्तेल्लीनी आणखी वाढू लागली. भावाने आता इथेच राहावं, एवढंच एर्मेसला हवं होतं. पण तोंडाने मागेल तर तो एर्मेस कसला.

निघताना नेल्लोने धुक्यात गाडी फाटकाच्या खांबावर घातली. उजवं मडगार्ड चेपलं असणार. एर्मेसला मनातून बरंच वाटलं, दुरुस्तीला आठवडा तरी जाईल. हातोडी आणून त्याने आतून एक ठोका दिला, तर मोठा तुकडाच हातात आला.

“अरे, ह्यात पत्राच नाही.”

“फायबरग्लास आहे. साच्यातून काढतात. दोन्ही बाजू अगदी सारख्या.”

“मग तू तिथे ठोकतोस काय?”

“काही नाही. दारं बसवतो.” नेल्लोचा आवाज उतरला. “दहा वर्षांत हातोडी धरली नाही.”

एर्मेसला भावाची फार कीव आली. दुसऱ्या दिवशी त्याने नेल्लोला कारखान्यात नेलं. रंग न चढलेली एक गाडी उजवीकडून उघडी उभी होती. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून एर्मेसने हातोडी त्याच्यापुढे धरली.

पहिले ठोके चाचरत पडले. मग हात बसला. संध्याकाळी मडगार्ड चढवल्यावर एर्मेसने डोळे मिटून दोन्ही बाजूंवरून तळहात फिरवला. उजवी जवभर वर आली होती, पूर्वी यायची तशीच.

“खाली बसवू का?” नेल्लोने विचारलं.

“राहू दे.”

नेल्लो परत गेलाच. त्याची बायकोमुलं तिकडे होती. तो गेल्यावर एर्मेसने मालकाकडून उजवी बाजूही मागून घेतली. त्याची उजवी मडगार्डं नेहमी जवभर वर यायची. मालक ओरडला की तो शांतपणे म्हणायचा, “उजवी बाजू नेल्लोची आहे. त्याला विचारा.”